तोतया अमेरिकन आणि दाजींचे बूट

मी आयुष्यात एकदाच परदेशात गेले आणि त्याचे परिणाम साताऱ्याजवळच्या एका निरपराध शेतकरी कुटुंबाला भोगावे लागले.

मुलाकडे टेक्सासला मी तीन महिने राहून आले. तेव्हापासून आमच्या अख्ख्या नात्यात अमेरिकेचं खातं माझ्याकडे आहे. (मी मागितलं नव्हतं. पण कुणी काढूनही घेतलं नाही.) कुणाच्या मुलीला तिकडचं स्थळ आलं, कुणाच्या नातवाला व्हिसा मिळेना, की फोन मला. मीही "आमच्या अमेरिकेत" अशी सुरुवात करते आणि मग थांबत नाही. तेवढ्या वेळात आमचे हे दळण आणून टाकतात.

तर एक दिवस ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. जन्मली सांगलीत, पण साताऱ्याकडच्या खेड्यात नांदायला गेली आणि तिथलीच होऊन गेली.

"सुनंदा, पल्लवीनं पोरगं ठरीवलंय. गोरं हाय. घिऊन येतीया दाखवायला."

"अगं बाई! आणि दाजी काय म्हणाले?"

"म्हणत्यात, बघतो. पटला तर व्हय, न्हाई पटला तर फुडं इषय न्हाई."

दाजी फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि आता ऊस बघतात. उसानंसुद्धा रांगेत उभं राहावं अशी त्यांची अपेक्षा असते. त्यांचा 'इषय न्हाई' म्हणजे खरोखरच विषय संपला. आणि पल्लवी त्यांची एकुलती एक. टोरांटोला नोकरी करते, पण बाबांचा शब्द मोडून लग्न करणार नाही असं तिनं स्वतःच ठरवून टाकलेलं. दुसऱ्या दिवशी तिचाही फोन आला, रडवेला.

"मावशी, माझं सगळं त्या एका दिवसावर आहे गं. नेथन खूप चांगला आहे. बाबा तुझं ऐकतात. तू आधी जाऊन जरा समजावून ठेवशील?"

"काळजी कशाला करतेस? अमेरिकन माणूस मी कोळून प्यायलेय!"

"मावशी, तो कॅनेडियन आहे."

"तेच ते!"

फोन ठेवला तर आमचे हे पेपर खाली करून माझ्याकडे बघत होते.

"ती कॅनडा म्हणाली," हे म्हणाले.

"अहो, अमेरिका-कॅनडा म्हणजे सांगली-मिरज. एक कुठं संपतं नि दुसरं कुठं सुरू होतं, रिक्षावाल्यालाही सांगता येणार नाही!"

ह्यांनी पेपर पुन्हा वर केला, जरा जास्तच वर. आमचे हे मिरजेचे. मी सांगलीची. म्हणूनच आम्ही घर घेतलं ते मधोमध, विश्रामबागला. पण ते पेपरामागे दडलेलं तोंड मी तेव्हा वाचायला हवं होतं.

पाहुणे यायच्या आधी दोन दिवस आम्ही भडंगाचा डबा घेऊन ताईकडे पोचलो आणि मी पडवीत शिकवणी सुरू केली.

"पहिली गोष्ट. अमेरिकन माणूस घरात बूट काढत नाही."

"म्हंजे?" ताईनं विचारलं.

"म्हणजे बूट घालूनच आत येतो. सोफ्यावर बसतो. बुटासकट पलंगावर लोळताना मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला बूट काढायला लावलं तर त्याला अपमान वाटेल. आणि एकट्यालाच बूट ठेवू दिले तर अवघडेल. तेव्हा आपण सगळ्यांनी घरात बूट घालायचे."

"आगं, द्येवघर हाय घरात!"

"देवघराचं दार लावून घ्यायचं."

ताईनं माझ्याकडे असं बघितलं की देवानंच मला बघून घ्यावं. पण दाजींचा चेहरा उजळला. त्यांनी माळ्यावरून फौजेतले बूट काढले आणि दुपारभर पॉलिश करत बसले. एवढ्या आनंदात मी त्यांना पल्लवीच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

"दुसरी गोष्ट. तिकडे सगळ्यात बर्फ लागतो. पाण्यात बर्फ, सरबतात बर्फ, चहात बर्फ."

"च्यात?" दाजींचा ब्रश थांबला. "च्यात बर्फ घालत्यात त्ये लोक? आन् मग पेत्यात?"

"आवडीनं! तिसरी गोष्ट. मोठ्यानं बोलायचं आणि आपली बढाई आपणच मारायची. तिकडे लाजऱ्याला कुणी विचारत नाही. तोही मारेल, तुम्हीही मारा. आणि त्याच्या देशाची स्तुती करा, पाघळेल लगेच."

ताईची म्हैस तेव्हा आटलेली होती, त्यामुळे दूध डेअरीच्या पिशव्यांतून यायचं. थोड्या पिशव्या फोडून दूध मी तेलाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये ओतलं आणि उरलेल्या लपवल्या. (कॅन तीनदा घासला होता. तरी चहाला शेंगदाण्याचा वास यायचा तो यायचाच.) कारण तिकडे दूध असल्याच भल्यामोठ्या कॅनमधून येतं. शेवटी आमच्या ह्यांना मुलानं पाठवलेला टी-शर्ट घालायला लावला. छातीवर अमेरिकेचा झेंडा, अख्खा, तारे-पट्ट्यांसकट.

"हे मी घालणार नाही."

"पल्लवीसाठी घाला!"

त्यांनी घातला. आतून हाक मारली तरी ओ देईनात, एवढंच.

आणि पाहुणे आले. गाडीतून पल्लवी उतरली आणि तिच्यामागून एक लांबलचक, लाल नाकाचा, हसऱ्या तोंडाचा पोरगा. मला बघताक्षणी आवडला. त्यानं वाकून नमस्कार केला, उंबऱ्याशी आला, थांबला आणि खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागला!

"नो नो नो!" मी धावले. "वेअर! वेअर! अवर हाऊस, शूज ओके!"

त्यानं वर बघितलं. समोर आम्ही सगळे ओळीनं उभे. दाजी चकाकत्या फौजी बुटांत, ताई ठेवणीतल्या इरकल साडीवर माझे जुने स्पोर्ट्स शूज घालून. त्याला काय वाटलं असेल ते त्याचं त्याला माहीत. तो म्हणाला, "सॉरी," आणि नाड्या पुन्हा बांधल्या. मग त्याची नजर ताईनं काढलेल्या रांगोळीवर आणि सारवलेल्या अंगणावर गेली. पुन्हा म्हणाला, "सॉरी," पुन्हा नाड्या सोडल्या.

"आरं, घाल म्हनत्यात तर घाल की!" दाजी गरजले.

"सॉरी!" पुन्हा बांधल्या.

शेवटी बिचारा एक बूट पायात आणि एक हातात घेऊन आत आला. पल्लवीनं आईच्या पायांकडे बघितलं.

"आई, हे काय घातलंयस?"

"मावशीला इचार," ताई म्हणाली.

बसल्यावर मी वातावरण हलकं करायला हवामानावर आले. तिकडे डिग्री वेगळी मोजतात हे मला पाठ होतं, म्हणून त्याच्या सोयीसाठी हिशेब करून ठेवला होता. "टुडे नाइन्टी डिग्रीज!" मी अभिमानानं म्हटलं. त्याचा चेहरा पांढऱ्याचा आणखी पांढरा झाला. तो पल्लवीच्या कानात काहीतरी बोलला आणि हळूच ताईचा हात धरून तिला खिडकीतल्या उन्हातून सावलीत आणून बसवलं. (पुढे कळलं, कॅनडात आपल्यासारखंच सेल्सिअस असतं. नव्वदला पोरगं आम्हाला शिजताना बघायला तयार झालं होतं!)

मग बर्फ घातलेला चहा आला. त्यानं एक घोट घेतला, हसला, म्हणाला, "थँक यू," आणि दाजींच्या कपातल्या वाफाळत्या आल्याच्या चहाकडे असा बघत राहिला की मला मेलीला तेव्हाच कळायला हवं होतं. पण आता दाजींचा नंबर होता. दाजी उठले, बूट एकावर एक आपटून सावधान झाले आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाले.

"वेलकम! अमेरिका इज ए ग्रेट कंट्री!"

नेथन गोंधळून उठला. "ओह... शुअर... सॉरी..."

दाजी हात मिळवायला पुढे झाले आणि त्यांचा फौजी बूट त्याच्या मोजा घातलेल्या पायावर पडला. कळ त्याच्या मस्तकात गेलेली आम्हाला दिसली. आणि तरी तोच म्हणाला, "सॉरी!"

दाजींच्या भुवया जवळ आल्या.

"काय काम करतूस? लय मोठा इंजिनेर हाईस म्हनं?"

पल्लवीनं भाषांतर केलं. नेथन लाजला. म्हणाला, छे, मोठा कसला, पुलांच्या दुरुस्तीचं काम असतं, टीम चांगली आहे, मी आपला त्यातला एक. बढाई नाहीच! मी डोळ्यांनी खुणावत होते, मार बाबा, थोडी तरी मार! तो पाणी प्यायला. मग दाजी त्याला गोठा दाखवायला घेऊन गेले. म्हैस वाटेत आडवी उभी होती. नेथन तिला म्हणाला, "सॉरी," आणि बाजूनं गेला.

पाचव्या मिनिटाला दाजींनी मला गोठ्यामागं बोलावलं.

"सुनंदा, ह्ये पोरगं कायतरी करून आलंय."

"अहो, काहीतरीच काय!"

"म्या जवान हाताखाली घेतल्यात. आल्या-आल्या जो सॉरी म्हनतो, त्यानं एकतर कायतरी हरीवल्यालं असतंय न्हाईतर मोडल्यालं. ह्यो तर म्हशीलाबी सॉरी म्हनला! तुज्या अमेरिकेत असंच म्हनत्यात व्हय समदे?"

इथं मी खोटं बोलायला हवं होतं. पण तज्ज्ञाचा अभिमान वाईट! मला आठवलं, टेक्सासच्या दुकानात एका बाईची ढकलगाडी माझ्या घोट्यावर आदळली होती, तर ती "होप यू आर ओके, हनी!" म्हणून पुढे निघूनही गेली होती.

"नाही," मी म्हटलं. "खरं सांगायचं तर एवढं नाही म्हणत."

"आन् बूट?"

"बूट काढत नाहीत."

"बर्फ?"

"बर्फाशिवाय जगत नाहीत."

दाजींनी मान डोलावली. मला म्हणाले, नजर ठेव. आणि मी ठेवली! पल्लवीसाठी गेलेली मी, तिच्याच होणाऱ्या नवऱ्यावर पाळत ठेवत त्याच्यामागून स्वयंपाकघरात गेले. तिथं काय बघते, तर नेथननं मी लपवलेली दुधाची पिशवी शोधून काढलेली. जुना दोस्त भेटल्यासारखा खुलला होता. त्यानं ती तांब्यात उभी केली, कात्रीनं कोपरा कापला, अगदी ताई कापते तेवढाच, आणि पल्लवीला म्हणाला की आमच्या घरीपण दूध असंच येतं, पिशवीतून!

"बघ की, किती सुबक कापली," ताई कौतुकानं म्हणाली. "एक थेंब सांडला न्हाई."

मी मात्र तिथूनच धावत सुटले. "दाजी! दूध पिशवीतून येतं म्हणाला! अमेरिकेत पिशवी नसते, कॅन असतो! मी रोज उचललाय, माझा खांदा गेला होता!"

"म्हंजे अमेरिकन न्हाईच?"

"कसा असेल?"

"तोतया!" दाजी म्हणाले.

आम्ही जेवायला बसलो. दाजींनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि मग, पहिला घास घ्यायच्या आधीच म्हणाले, "पल्लवी, इषय संपला. लगीन न्हाई."

"बाबा!"

"त्यो खोटं बोलतोय. त्यो अमेरिकन न्हाई. मावशीनं तपासलंय."

पल्लवी काही सांगायला गेली, पण दाजींनी हात वर केला, तशी तिनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरले नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडायला लागलं. नेथननं विचारलं, काय झालं, काय म्हणाले बाबा. ती हुंदके देत म्हणाली, "ही सेज यू आर नॉट रिअली अमेरिकन."

आणि दिवसभर वाकलेलं ते लांबलचक पोरगं ताडकन उभं राहिलं. वरच्या तुळईवर डोकं आपटलं. तुळईला सॉरी म्हणाला नाही!

"ऑफ कोर्स आय अ‍ॅम नॉट अमेरिकन!" तो ओरडला. "आय अ‍ॅम कॅनेडियन! सकाळपासून मी गप्प बसलोय!" (शेवटचं अर्थात इंग्रजीत. पण आवाजच असा होता की भाषांतर लागलं नाही.)

दाजी माझ्याकडे वळले. "सुनंदा, ह्ये काय?"

"अहो, म्हणजे... कॅनडा, अमेरिका... तेच ते की. सांगली-मिरज."

"तेच ते नाही!"

हा आवाज आमच्या ह्यांचा होता. मला आधी ओळखूच आला नाही, कारण लग्नात त्यांनी उखाणा घेतला तेव्हापासून एवढ्या मोठ्यानं ते कधी बोललेच नव्हते. हे पाटावरून उठले.

"तेच ते नाही! मी मिरजेचा आहे! लग्न झाल्यापासून ऐकतोय, हे आमचे सांगलीचे जावई. सांगलीचे पाहुणे. अरे, मिरज म्हणून काही आहे की नाही? आमच्याकडे सतार बनते, सतार! तुमच्याकडे काय बनतं? भडंग!"

असं म्हणून त्यांनी तो तारे-पट्ट्यांचा टी-शर्ट डोक्यावरून काढला, खुंटीला टांगला आणि बनियनवर पुन्हा जेवायला बसले. नेथनला एक अक्षर कळलं नव्हतं. पण तो ह्यांच्याकडे असा बघत होता जणू सख्खा भाऊ भेटला.

आता दाजी काय करतात, याकडे सगळ्यांचे डोळे. दाजींनी पायांतल्या बुटांकडे बघितलं.

"युनिटमदी," ते सावकाश म्हणाले, "मला समदे बंबईवाला म्हनायचे. ए बंबईवाले, इधर आ. ए बंबईवाले, समुंदर कैसा है. आन् म्या तवर समुद्र बघितलाबी न्हवता! किती येळा सांगितलं, आरं सातारा हाय, सातारा! तर म्हनायचे, एक ही बात है." त्यांनी सुस्कारा सोडला. "लय राग यायचा, गड्या. रडू यायचं."

मग त्यांनी नेथनकडे बघितलं. "दिसभर वाकत व्हतं पोरगं. म्हशीलाबी वाकलं. पर मुलखाचं नाव आलं तवा ताठ झालं. मला असाच पायजे."

"म्हणजे बाबा?" पल्लवीनं नाक पुसत विचारलं.

"म्हंजे काय म्हंजे? बस म्हनावं नाथाला. भाकरी गार झाली."

नेथनचा नाथा तिथंच झाला. पल्लवी रडता-रडता हसायला लागली, ताई हसता-हसता रडायला लागली, आणि मी सरळ उठून पायांतले बूट काढले. माझ्यामागून सगळ्यांनी काढले. ताईनं आधी देवघराचं दार उघडलं आणि देवाला हात जोडून म्हणाली, "ती बहीण माजी हाय, पर डोकं तिचं तिचं हाय."

गरम चहा झाला, पिशवीतल्या दुधाचा. नेथननं तीन कप घेतले. मग त्यानं बॅगेतून एक बाटली काढली, घरून आणलेली. दाजींनी तळहातावर थेंब घेऊन चाटला आणि डोळे मिटले.

"आरं, ही काकवी हाय!"

पल्लवीनं सांगितलं, ऊस नाही बाबा, झाडाचा रस. त्याच्या काकांची झाडं आहेत. थंडी सरता-सरता रस काढतात, मोठ्या कढईत उकळतात, फेस काढत-काढत आटवतात, आणि सगळं घरदार तिथं जमून गरम-गरम खातं.

"गुऱ्हाळच की!" दाजी ओरडले. "चल रं नाथा!" आणि त्याला तसाच हाताला धरून शेजारच्या रानातल्या गुऱ्हाळावर घेऊन गेले. आम्ही मागून गेलो तेव्हा दोघं काहिलीपाशी उभे होते. नेथन हातानं आपल्या काकांची कढई केवढी ते दाखवत होता आणि दाजी मान डोलवत होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि बोलणं थांबत नव्हतं.

मी म्हणणार होते, "बघा, तेच ते!" पण ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसले आणि माझेही डोळे भरून आले. (धुरानं. गुऱ्हाळाला धूर फार.)

लग्न साताऱ्यात झालं. दणक्यात झालं. नेथनची आई नऊवारी नेसून फिरत होती, पायांत काही न घालता. पल्लवीनं माझी ओळख करून दिली तशी तिनं माझे दोन्ही हात धरले आणि गोड हसून म्हणाली, "सो यू आर द फेमस आंटी फ्रॉम सातारा!"

"सातारा?" माझा आवाज चढला. "नो नो! सांगली! सातारा इज व्हेरी डिफरन्ट! दे हॅव पेढा, वी हॅव हळद! अवर गणपती, अवर कृष्णा घाट, अवर भडंग..." मी बोलतच सुटले. बिचारी प्रत्येक वाक्याला सॉरी म्हणत होती. तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेला नाथा मागून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "मावशी, तेच ते!"

त्याला कुणी शिकवलं ते विचारायची गरजच नव्हती. आमचे हे दोन खुर्च्या सोडून बसून जिलेबी खात होते आणि कमालीचे निष्पाप दिसत होते.

मी पदर सावरला. आणि विहीणबाईंचा हात धरून म्हटलं, "सॉरी."

ह्यांनी हातातली जिलेबी खाली ठेवली. आमच्या संसारात हा शब्द त्यांनी माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला होता, आणि तो मिळाला कुणाला? तर कॅनडाला!

"मिरजेला कधी मिळणार?" ह्यांनी विचारलं.

"मिरजेला वेगळा कशाला?" मी म्हटलं. "सांगलीला म्हणेन तेव्हा त्यातच धरा. तेच ते!"